जानेवारीत अठरा दिवस

माझ्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून ड्रायव्हरचं काम करते." यात खोटं काही नव्हतं. मीच त्यांना तसं सांगितलं होतं. पण आम्ही राहायचो खडकीला, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये, आणि तिथे ड्रायव्हर या शब्दाला एकच अर्थ होता. एका सकाळी शेजारच्या साळुंके वहिनी दारात आल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, रविवारी आम्हाला जेजुरीला न्याल का? गाडी आमचीच आहे, तुम्ही फक्त चालवायची." मला सायकलसुद्धा धड येत नाही हे मी त्यांना परोपरीने सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. मी शिष्ट आहे असं त्यांचं मत झालं आणि आम्ही क्वार्टर सोडेपर्यंत ते कायम राहिलं.

तर आधी खुलासा करते. कॉम्प्युटरला आपण प्रिंटर जोडतो, स्कॅनर जोडतो, कॅमेरा जोडतो. यातली प्रत्येक वस्तू आपापल्या भाषेत बोलते आणि कॉम्प्युटरला त्यातलं अक्षर कळत नाही. मध्ये एक दुभाषा लागतो. तो दुभाषा म्हणजे एक छोटासा प्रोग्रॅम, आणि त्याचं नाव ड्रायव्हर. कंपन्या वस्तू विकतात तेव्हा दुकानात जी सिस्टिम जास्त खपते तिच्यापुरता दुभाषा देतात. लिनक्स ही फुकट मिळणारी, जगभरच्या हौशी आणि हट्टी लोकांनी मिळून केलेली सिस्टिम. तिच्यासाठी दुभाषे तेच लोक लिहितात, बहुतेक वेळा कंपनीने काहीही मदत केलेली नसताना. त्यामुळे दहातल्या नऊ वस्तू जोडल्याबरोबर चालतात आणि दहावी चालत नाही. त्या दहाव्या वस्तूवर माझं घर चाललं.

मी मूळची अकोल्याची. लग्न होऊन पुण्यात आले, तपकीर गल्लीतल्या एका दुकानात जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायला शिकले आणि पुढे स्वतंत्रपणे हेच करत राहिले. जुन्या मशीनवर नवी सिस्टिम चालेनाशी झाली की लोक ते भंगारात काढायचे. मी त्यावर लिनक्स घालून द्यायची आणि ते पुन्हा पाच-सहा वर्षं चालायचं. पुण्यात हे काम चालणारच होतं. चालू असलेली वस्तू टाकून द्यायची म्हटलं की इथल्या माणसाचा जीव वर-खाली होतो.

पण पुण्यात काम करायचं तर कौतुकाची अपेक्षा घरी ठेवून निघावं लागतं. हे मला सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त ग्रंथपालांनी शिकवलं. त्यांच्याकडे वीस वर्षांपूर्वीचा स्कॅनर होता. नवा कॉम्प्युटर घेतला आणि त्याने या स्कॅनरला ओळख दाखवायचं नाकारलं. कंपनीने सांगितलं, हे मॉडेल आता बंद झालं, नवीन घ्या. ग्रंथपाल मला म्हणाले, "मीही बंद झालेलं मॉडेल आहे. मला कोणी नवीन घ्या म्हणत नाही."

मी त्यांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं. मग स्कॅनरची वायर लावली. स्कॅनरने घसा खाकरल्यासारखा आवाज केला, दिवा लागला, आणि पडद्यावर त्याचं नाव आलं. कोणीतरी कुठेतरी कधीकाळी त्याच्यासाठी दुभाषा लिहून ठेवला होता. अशा वेळी माझ्या अंगावर काटा यायचा, अजूनही येतो. मी आनंदाने म्हणाले, "सर, चालू झाला!"

ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "ते दिसतंय. पण यात तुम्ही काय केलंत?"

मी म्हणाले, "वायर लावली."

"ती मीही लावली होती," ते म्हणाले आणि स्कॅन करायला बसले.

दुसरी गोष्ट सांगताना थोडा संकोच वाटतो, कारण त्यात मी खोटं बोलले आहे. खडकीतच आमच्या मागच्या लायनीत कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहायचे. त्यांच्या कॉम्प्युटरचा आवाज अचानक बंद झाला. मी सकाळी दहाला गेले. साउंडचा ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला. जुनी आवृत्ती घातली, नवी घातली. सिस्टिम म्हणत होती सगळं ठीक आहे आणि स्पीकर मात्र मौन धरून होते. दोन तास गेले. गृहस्थ आंघोळीला उठले तसं त्यांच्या पत्नी माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, उगाच कष्ट घेऊ नका. स्पीकरच्या आतली वायर मीच काढली आहे. सकाळी सहापासून बातम्यांची भांडणं लावतात हो. माझं डोकं उठतं."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी हात जोडले.

गृहस्थ पंचा गुंडाळून बाहेर आले तेव्हा मी बॅग आवरत होते. म्हणाले, "झालं?" मी म्हणाले, "काका, या कार्डाचा ड्रायव्हर लिनक्सवर अजून आलेला नाही." ते म्हणाले, "मग कालपर्यंत कसा चालत होता?" मी "अपडेट" असा एक शब्द उच्चारला. आमच्या धंद्यात हा शब्द फार उपयोगी आहे, तो ऐकला की माणसं पुढचं विचारत नाहीत. काकूंनी मला पोहे दिले, वर भरपूर खोबरं घालून.

पण ज्या कामासाठी हा लेख लिहायला घेतला ते याहून निराळं. त्यात मी शहाणपणा करायला गेले आणि जवळजवळ तोंडघशी पडले.

धायरीत एका सोसायटीच्या तळमजल्यावर, दोन खोल्यांत, एक छोटी ब्रेल प्रेस आहे. अंधांसाठी पुस्तकं तयार करते. निमाताई नावाच्या बाई ती चालवतात, शाळेतून निवृत्त झालेल्या, मृदू स्वभावाच्या, कायम कुठल्यातरी तारखेच्या काळजीत असलेल्या. तिथे दरवर्षी एक ब्रेल कॅलेंडर निघतं: तारखा, तिथी, सण, सुट्ट्या. काहीशे घरांत ते जातं. आपण भिंतीवर नजर टाकून आज एकादशी आहे का बघतो, तसं ती माणसं बोट फिरवून बघतात. डिसेंबरच्या मध्यापर्यंत ते टपालात पडलं पाहिजे, नाहीतर लोकांचं नवीन वर्ष तारखांशिवाय सुरू होतं.

हे छापायला एम्बॉसर नावाचं यंत्र लागतं. शाईऐवजी हा प्रिंटर जाड कागदावर टोचे मारतो आणि ठिपके उठवतो. निमाताईंकडचा एम्बॉसर म्हातारा पण दणकट होता, शिलाई मशीनएवढा जड. तो चालू झाला की पत्र्यावर कोणी फुटाणे ओतल्यासारखा आवाज यायचा. त्याला जोडलेला कॉम्प्युटर त्याच्याहून म्हातारा होता. कोणा स्वयंसेवकाने पूर्वी त्यावर लिनक्स बसवून दिलं होतं आणि तो परदेशी निघून गेला होता. कॉम्प्युटरवर कागद चिकटवलेला होता: "चालू आहे. हात लावू नये."

मी हात लावला.

माझी बाजू अशी की कॉम्प्युटर सुरू व्हायला पंधरा मिनिटं घ्यायचा आणि एका देणगीदाराने नवा दिला होता. निमाताईंनी विचारलं, "बाई, बदलावा का? कॅलेंडरच्या आधी की नंतर?" मी म्हणाले, "नंतर कशाला? दोन तासांचं काम आहे."

जुन्या कॉम्प्युटरला मागे नऊ टाचण्यांचं जुन्या पद्धतीचं कनेक्शन होतं. नव्याला ते नव्हतं, हल्ली कोणालाच नसतं. म्हणून मध्ये जोडणी देणारी एक केबल आणली. लिनक्सने ती तत्काळ ओळखली. मी ब्रेलचा प्रोग्रॅम घातला, चाचणीसाठी एक ओळ पाठवली, एम्बॉसरने ती खाडखाड टोचून दिली. मी खूश. त्याच खुशीत जुन्या कॉम्प्युटरची डिस्क पुसून टाकली. तो कोणाला तरी देता येईल म्हणून. मला वाटेत पडलेल्या वस्तू आवडत नाहीत. या सवयीचा मला त्या आठवड्यात जेवढा पश्चात्ताप झाला तेवढा आयुष्यात कशाचाच झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"वानखडे बाई का? मी मोघे. ब्रेल प्रेसमधून बोलतोय. एक विचारायचं होतं. जानेवारीत किती दिवस असतात?"

मी म्हणाले, "एकतीस."

"असं आम्हीही ऐकून होतो. तुमच्या जानेवारीत अठरा आहेत. संक्रांत नाही. प्रजासत्ताक दिनही नाही. तुम्हाला सवड असेल तेव्हा या."

मोघे सर प्रेसचे मुद्रितशोधक. लहानपणीच दृष्टी गेलेली. एका बँकेत पस्तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते, आणि निवृत्त झाल्यावर इथे येऊन बसू लागले. प्रेसमधून निघणारं प्रत्येक पान त्यांच्या बोटांखालून जायचं. पांढराशुभ्र सदरा, कडक इस्त्री, आणि आवाज असा की तुम्ही रांग मोडून पुढे आला आहात असं वाटावं.

मी पोचले. मोघे सरांनी जानेवारीचं पान पुढे सरकवलं. "आठ तारखेपर्यंत उत्तम. मग एकदम बारा. मग सतराचा अर्धा. पुढे तर एकवीस तारखेला जोडूनच पंचवीसच्या रविवारची सुट्टी आहे. कल्पना चांगली आहे, पण सरकार मान्य करणार नाही."

मी कॉम्प्युटर उघडला. फाइल बघितली. पहिली ते एकतीस, एकही तारीख गळलेली नव्हती. मी म्हणाले, "सर, स्क्रीनवर तर सगळं बरोबर दिसतंय."

"बाई," ते म्हणाले, "स्क्रीनवरचं मला नका सांगू."

इथून पुढे तीन दिवस मी जे काही केलं ते सगळं वाया गेलं. मला वाटलं ब्रेलमध्ये रूपांतर करणारा प्रोग्रॅम गोंधळतोय. तो काढला, दुसरा घातला. जानेवारीत सतरा दिवस आले. मग वाटलं केबल खराब आहे. तपकीर गल्लीत जाऊन दुसरी आणली, मग तिसरी. दिवस कधी वीस, कधी सोळा. मग कॉम्प्युटरचा पाठवायचा वेग कमी केला. मोघे सरांनी पान वाचलं आणि म्हणाले, "आता चोवीस आहेत. प्रगती आहे. संक्रांत परत आली. या गतीने वर्ष पूर्ण व्हायला एक वर्ष लागेल."

गंमत अशी की मी चाचणीसाठी एक-दोन ओळी पाठवल्या की त्या नेहमी बिनचूक यायच्या. पूर्ण पान पाठवलं की तारखा गळायच्या. आणि कुठे गळल्या हे मला कळायचं नाही. माझ्यापुढे जे पान असायचं त्यावर मला नुसते ठिपकेच दिसायचे. दर वेळी ते मोघे सरांपुढे ठेवायचं आणि निकाल ऐकायचा. तीस वर्षं मी लोकांना सांगत आले होते की तुम्हाला दिसत नाही पण आत चूक आहे. आता पहिल्यांदाच मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होते.

निमाताई दर तासाने येऊन भिंतीवरच्या आपल्या छापील कॅलेंडरकडे बघायच्या आणि निघून जायच्या. सगळ्या प्रती निघायला एम्बॉसर आठ दिवस चालवावा लागायचा. तेवढे दिवस आता जेमतेम उरले होते. जुना कॉम्प्युटर असता तर त्यावर छापून मोकळे झालो असतो, आणि तो मी स्वतःच्या हाताने पुसला होता. हे त्या मला एकदाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझा तोल गेला. एम्बॉसरपुढे वाकून मी बोलले, "काहून असं करून राह्यलं रे बाप्पा?"

मागून मोघे सर म्हणाले, "मराठीत विचारून बघा. कदाचित उत्तर देईल."

"हे मराठीच आहे, सर."

"असेल. यंत्र पुण्यात वाढलेलं आहे."

एरवी मी हसले असते. पण त्याच वेळी त्यांनी नवं पान वाचून सांगितलं की फेब्रुवारीतून महाशिवरात्र गेली. फाइलमध्ये ती माझ्या डोळ्यांसमोर होती, ठळक अक्षरात. मी पटकन बोलून गेले, "सर, डिसेंबरची थंडी आहे. बोटं बधिर झाली असतील. जरा चोळून पुन्हा वाचता का?"

निमाताईंनी हातातला कागद खाली ठेवला. मोघे सरांनी दोन्ही हात एकमेकांवर चोळले, सावकाश, मी सांगितलं होतं तसे. पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं, एकेक तारीख मोठ्याने. बारावरून एकदम सोळावर आले. पान घडी पडू नये असं जपून टेबलावर ठेवलं, छत्री घेतली आणि म्हणाले, "आज एवढं पुरे." डिसेंबरात छत्री कशाला असा प्रश्न मला पडला, पण विचारायची ती वेळ नव्हती.

त्या दिवशी धायरीहून खडकीला जाताना दोन बस बदलेपर्यंत मी स्वतःशी भांडत होते. बोलायचं नव्हतं ते बोलले होते. आणि मुख्य म्हणजे ते खरं नव्हतं हे बोलतानाच मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले. मोघे सर माझ्याही आधी येऊन एम्बॉसरशेजारी खुर्ची टाकून बसले होते. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "ते पान पुन्हा काढा. मला वाचायचं नाही. ऐकायचंय."

मी पान पाठवलं. फुटाणे ओतल्याचा आवाज सुरू झाला, एका दमात पान संपेपर्यंत. मोघे सर मान तिरकी करून ऐकत होते. टेलिफोनवर वर्षानुवर्षं ऐकलेला माणूस, त्यांची ऐकण्याची पद्धतच वेगळी होती. पान बाहेर आलं. म्हणाले, "हेच. हे पूर्वी दम खायचं."

"म्हणजे?"

"पाच-सहा ओळी झाल्या की थांबायचं. अगदी थोडं. पुन्हा सुरू व्हायचं. दर पानाला असं पाच-सहा वेळा. त्या वेळात मी चहाचा घोट घ्यायचो. तुम्ही नवा कॉम्प्युटर आणल्यापासून माझा चहा गार होतोय. मला वाटलं, नवं आहे, जलद चालत असेल. पण काल घरी बसून विचार केला. यंत्र तर तेच आहे. त्याला एकदम तरुण व्हायला काय झालं?"

मी खुर्चीत बसले. मला सगळं एकदम कळलं होतं.

एम्बॉसरचं पोट लहान असतं. कॉम्प्युटर त्याला अक्षरं भराभर पाठवतो, पण त्याला ती एकेक करून टोचायची असतात. पोट भरलं की तो एका वेगळ्या तारेवरून खूण करतो: थांब. कॉम्प्युटर थांबतो. पोटात जागा झाली की दुसरी खूण: आता दे. मी नवा कॉम्प्युटर जोडताना त्याला सगळं सांगितलं होतं. कुठल्या वाटेने पाठव, किती वेगाने पाठव. समोरच्याची खूण बघ, एवढं सांगायचं राहिलं होतं. बिचारा एम्बॉसर थांब थांब म्हणून हात दाखवत होता आणि कॉम्प्युटर न बघता वाढत सुटला होता. जे पोटात मावलं नाही ते सांडलं. कधी संक्रांत सांडली, कधी महाशिवरात्र. एक-दोन ओळी मात्र पोटात आरामात मावायच्या, म्हणून माझी चाचणी दर वेळी पास.

आणि मी तीन दिवस जे शोधत होते ते या माणसाच्या चहाच्या घोटात होतं. मी त्यांना "काय वाचलंत" एवढंच विचारत राहिले होते. "काय ऐकलंत" हे एकदाही विचारलं नव्हतं.

सेटिंगच्या ओळीत एक शब्द वाढवला. तरीही चाललं नाही, तेव्हा मी आणलेल्या तिन्ही केबली तपासल्या. स्वस्तातल्या दोन्हींमध्ये खुणेची तारच नव्हती. तिसरीत होती. ती लावली आणि जानेवारी पाठवला.

एम्बॉसरने पाच ओळी टोचल्या. थांबला. मला तो क्षण फार मोठा वाटला, पण असेल एखाद्या सेकंदाचा. मग पुन्हा सुरू झाला. पुन्हा थांबला. निमाताई दारात येऊन उभ्या होत्या.

मोघे सरांनी पान घेतलं. पहिल्यापासून वाचलं, मोठ्याने, आदल्या दिवशीसारखंच, एकही तारीख न गाळता. "एकतीस," ते म्हणाले. मग पान परत केलं. "सतरा तारखेपुढे शनिवारचा 'श' हवा, तुमच्या फाइलमध्ये 'स' आहे. ती मात्र यंत्राची चूक नाही."

मी म्हणाले, "सर, काल मी जे बोलले ते बोलायला नको होतं. चूक माझी होती."

"ते मला कालच कळलं होतं," मोघे सर म्हणाले. "तुम्हाला कळायची वाट बघत होतो."

मग त्यांनी निमाताईंना हाक मारली आणि म्हणाले, "आज चहा जरा जास्त करायला सांगा. बाईंना पण."

त्या वर्षी एम्बॉसर आठ दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालला. रोज संध्याकाळी मी जाऊन कागद भरायला मदत करायची, खरं तर कोणी बोलावलेलं नसताना. शेवटचा गठ्ठा टपालात पडला तेव्हा निमाताईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे न बघता खुर्चीत बसून घेतलं. वेळेत पोचलो होतो, एक दिवस राखून.

मी आपली चूक भरून काढावी म्हणून सगळी जोडणी कागदावर लिहून काढली. कुठली केबल, कुठला शब्द कुठे, काय आधी, काय नंतर. बारा पायऱ्या. सुवाच्य अक्षरात लिहून कागद कॉम्प्युटरवर चिकटवला. मोघे सरांनी टेपचा आवाज ऐकला आणि विचारलं, "काय लावलंत?"

"सूचना आहेत सर. पुढे कोणाला अडचण आली तर."

"उत्तम. आणि ती अडचण येईल तेव्हा या खोलीत बहुतेक मी असेन. तेव्हा मी तुमच्या सूचनांचं काय करायचं? कुरवाळायच्या?"

मी कागद काढला. टाइप केला आणि त्याच एम्बॉसरवर ब्रेलमध्ये काढला. मोघे सरांनी तो प्रूफासारखा वाचला. " 'सुचना' नव्हे, 'सूचना'. दीर्घ. 'पुर्वी' नव्हे, 'पूर्वी'. तोही दीर्घ. अकोल्याला दीर्घ ऊ जात नाही का? आणि सहाव्या पायरीत तुम्ही लिहिलंय, योग्य तो पर्याय निवडावा. योग्य कोणता हे आम्हाला माहीत असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

मी सहावी पायरी तीन वेळा लिहिली. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "आता कळलं," आणि मला जितका आनंद झाला तितका त्या स्कॅनरच्या दिव्यानेही झाला नव्हता.

यालाही आता काही वर्षं झाली. माझे गुडघे कुरकुरायला लागले, टेबलाखाली वाकून वायरी शोधणं जमेना, आणि मी काम थांबवलं. गेल्या वर्षी कॅलेंडरच्याच सुमारास फोन आला.

"वानखडे बाई का? मोघे बोलतोय. प्रेसला पुन्हा नवा कॉम्प्युटर आला."

मी म्हणाले, "सर, कोणीही काही पुसू नका. मी येते. रिक्षाने येते, तासाभरात पोचते."

"कशाला? जोडून झाला. तुमचा कागद होता. हल्ली कॉम्प्युटर बोलून दाखवतो, तो बोलेल तसं मी टाइप केलं. तुमची नववी पायरी आता लागत नाही, नव्या सिस्टिमला ते आपोआप कळतं. मी ती काढून टाकली. जानेवारी काढून बघितला. एकतीस आहेत. फेब्रुवारी, मार्च, सगळं वाचून झालं."

म्हणजे माझ्या मदतीशिवाय, त्यांनी एकट्याने. एवढं सगळं ठीक असताना हे फोनवर कशासाठी आहेत हे मला कळेना. पुण्यातल्या माणसाने बिनकामाचा फोन केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नव्हतं.

मी म्हणाले, "मग सर, फोन कशासाठी केलात?"

"चालू आहे, हे सांगायला," मोघे सर म्हणाले. "बंद पडलं की सगळेच करतात."

मी नुसतं "बरं" म्हणाले. ते "ठेवतो" म्हणाले, आणि त्यांनी ठेवलाही.